नदीच्या पाण्याचे माप : ध्वनियंत्रात होणाऱ्या चुका व त्यांची दुरुस्ती

शेतीच्या मोजणीत चूक झाली तर ती बांधावर तत्काळ दिसून येते. धान्याचे वजन चुकले तर बाजारात त्याचा बोभाटा होतो. नदीच्या पाण्याचे माप चुकले तर मात्र कोणाच्याच लक्षात येत नाही. कारण मोजलेले पाणी तोवर वाहून गेलेले असते व ते पुन्हा मोजून पाहता येत नाही. परंतु त्याच मापावर पुढे धरणातील साठ्याचा अंदाज, कालव्याचे आवर्तन, बंधाऱ्याची उंची आणि पुराची पूर्वसूचना या सर्व गोष्टी ठरत असतात. यास्तव माप कसे घेतले जाते, त्यात चूक कोठे शिरते आणि ती कशी दुरुस्त करावयाची, याचे ज्ञान ग्रामकार्यकर्त्यांस व जाणत्या शेतकऱ्यांस असणे अगत्याचे आहे.

वऱ्हाडात या मापाचे महत्त्व

अमरावती व अकोला जिल्ह्यांतील बरेचसे पाणी पूर्णा नदीच्या खोऱ्यात उतरते. पूर्णा ही सातपुड्यात, मध्य प्रदेशातील बैतूल जिल्ह्यात उगम पावते. शहानूर, चंद्रभागा, पेढी, काटेपूर्णा, मोर्णा, मन इत्यादी नद्यांचे पाणी घेऊन ती पश्चिमेकडे वाहते आणि जळगाव जिल्ह्यात चांगदेव येथे तापीस मिळते. या खोऱ्याच्या मध्यभागी साडेचार लाख हेक्टरांहून अधिक क्षेत्र खारपाणपट्ट्याचे आहे. तेथील विहिरीचे पाणी खारे असल्यामुळे ते पिण्यास व ओलितास सहसा उपयोगी पडत नाही. अन्य भागातील शेतकरी नदी आटली तर विहिरीकडे वळतो. खारपाणपट्ट्यातील शेतकऱ्यास तोही आधार नसतो. म्हणून नदीचे गोडे पाणी अडविण्याकरिता पूर्णेवर घुंगशी, नेरधामणा यांसारखे बॅरेज हाती घेण्यात आले. अशा कामाचा हिशेब नदीतून किती पाणी वाहते या एकाच आकड्यापासून सुरू होतो.

दुसरी बाजू पुराची. २०२१ च्या जुलै महिन्यात अतिवृष्टीमुळे मोर्णेला पूर येऊन अकोला शहरातील वस्त्यांत पाणी शिरले. पूर्णेचे पाणी पुढे तापीतून हतनूर धरणात व तेथून उकाई धरणात जाते. ऑगस्ट २००६ मध्ये तापीच्या पुराने सुरत शहराची मोठी हानी केली. खालच्या गावांस व शहरांस वेळेवर सूचना द्यावयाची तर वरच्या खोऱ्यातील माप बिनचूक असले पाहिजे. पूर्णेवर लाखपुरी, गोपालखेडा व बुलढाणा जिल्ह्यातील येरळी येथे केंद्रीय जल आयोगाची मापनकेंद्रे आहेत.

पाणी मोजण्याची रीत

नदीतील एका ठिकाणाहून दर सेकंदास जितके घनमीटर पाणी जाते, त्यास विसर्ग म्हणतात. नदीच्या आडव्या छेदाचे क्षेत्रफळ व पाण्याचा सरासरी वेग यांचा गुणाकार म्हणजे विसर्ग होय. पूर्वी वाट्यांचे चाक असलेले प्रवाहमापक यंत्र दोरीने पाण्यात सोडून, नदीच्या रुंदीत ठिकठिकाणी वेग मोजीत. ही रीत आजही उपयोगात आहे व ती चांगली आहे. परंतु भर पुरात तिला फार वेळ लागतो आणि नावेतील माणसांस धोका संभवतो. आता तिच्या जोडीस ध्वनियंत्र आले आहे. महाराष्ट्रात १९९५ पासून राबविलेल्या जलविज्ञान प्रकल्पामुळे मापनकेंद्रांचे जाळे व नवीन उपकरणे यांस चालना मिळाली.

पाण्यातून ध्वनी वेगाने जातो, हे १८२६ साली जिनेव्हाच्या सरोवरात कोलाडॉन या शास्त्रज्ञाने पाण्याखाली घंटा वाजवून दाखवून दिले. ८ अंश तापमानाच्या पाण्यात त्यास हा वेग सेकंदास १,४३५ मीटर इतका आढळला. हवेतील वेगाच्या तो चौपटीहून अधिक आहे. पुढे १८४२ मध्ये डॉपलर या शास्त्रज्ञाने असा नियम मांडला की, ध्वनीचे उगमस्थान जवळ येत असेल तर ध्वनी उंच पट्टीत ऐकू येतो व दूर जात असेल तर खालच्या पट्टीत. बडनेरा किंवा मूर्तिजापूर स्थानकातून न थांबता जाणाऱ्या गाडीची शिट्टी ऐकली म्हणजे हा नियम कोणासही पटतो.

ध्वनियंत्र नावेस किंवा छोट्या तराफ्यास बांधून नदीच्या एका तीरापासून दुसऱ्या तीरापर्यंत नेतात. ते कानास ऐकू न येणारा ध्वनी तिरप्या दिशांनी पाण्यात सोडते. पाण्याबरोबर वाहणाऱ्या गाळाच्या सूक्ष्म कणांवर आपटून प्रतिध्वनी परत येतो. त्याच्या पट्टीत पडलेल्या फरकावरून पाण्याचा वेग कळतो. तळावरून आलेल्या प्रतिध्वनीवरून खोली व नावेचा स्वतःचा वेग कळतो. यंत्र या तिन्ही गोष्टी एकत्र करून विसर्ग सांगते.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावयाची ती ही की, यंत्र पाणी प्रत्यक्ष मोजीत नाही. ते केवळ ध्वनी मोजते व बाकीचा हिशेब काही गृहीतांवर करते. गृहीत खोटे ठरले की आकडा चुकतो. आकडा स्वच्छ छापून आला म्हणून तो खरा मानू नये.

पहिली चूक : तापमानाची

पाण्यातील ध्वनीचा वेग तापमानाप्रमाणे बदलतो. गोड्या पाण्यात तो २० अंशास सेकंदास सुमारे १,४८२ मीटर, २५ अंशास १,४९७ मीटर व ३० अंशास १,५०९ मीटर असतो. यंत्रातील तापमापक पाण्याचे तापमान पाहून योग्य तो वेग धरतो. परंतु वऱ्हाडच्या उन्हात तासभर काठावर पडून राहिलेले यंत्र तसेच पाण्यात सोडले तर तापमापकास निवण्यास अवधी मिळत नाही. पाणी २७ अंशाचे असता त्याने ४५ अंश दाखविले, तर यंत्र ध्वनीचा वेग १,५०२ ऐवजी १,५३६ मीटर धरते. ही चूक सव्वादोन टक्क्यांची आहे. दिसावयास ती लहान आहे. परंतु पाण्याचा वेग, नावेचा वेग व खोली या तिन्हींत तीच शिरते आणि तिघांचा गुणाकार होत असल्यामुळे विसर्ग जवळजवळ सात टक्क्यांनी जास्त दिसतो.

दुरुस्ती सोपी आहे. मोजणीपूर्वी यंत्र काही मिनिटे पाण्यात बुडवून ठेवावे. वेगळ्या तापमापकाने पाण्याचे तापमान घेऊन ते वहीत लिहावे व यंत्राच्या आकड्याशी ताडून पाहावे. फरक आढळल्यास खऱ्या तापमानाप्रमाणे ध्वनीचा वेग धरून हिशेब पुन्हा करता येतो.

खारपाणपट्ट्यातील कार्यकर्त्यांस अशी शंका येणे साहजिक आहे की, क्षारांमुळेही माप चुकत असेल. क्षारांमुळे ध्वनीचा वेग वाढतो हे खरे. पण दर लिटरला एक ग्रॅम क्षार असता तो सेकंदास केवळ एक-सव्वा मीटरने वाढतो. लिटरला ३ ग्रॅम क्षार धरले तरी ही चूक पाव टक्क्याच्या आसपास राहते. पुराचे पाणी तर गोडेच असते. म्हणून या पट्ट्यातही क्षारांपेक्षा तापमानाची काळजी अधिक घ्यावी.

दुसरी चूक : यंत्राला न दिसणारे पाणी

यंत्राचे तोंड पाण्याच्या पृष्ठभागाखाली काही अंतर बुडालेले असते. तोंडालगतच्या थोड्या थरातही यंत्रास माप घेता येत नाही. तद्वतच तळाजवळचा थर तळाच्या जोरदार प्रतिध्वनीत झाकला जातो. ध्वनीचे झोत उभ्या रेषेपासून २० अंश कललेले असतील तर खोलीचा सुमारे ६ टक्के भाग असा झाकला जातो. ३ मीटर खोलीत हा थर १८ सेंटीमीटरांचा होतो. वरच्या व खालच्या थरांतील वेग मधल्या थरांवरून अंदाजाने काढावा लागतो.

यंत्र किती बुडाले आहे, हा आकडा माणसाने भरावयाचा असतो व येथे हमखास चूक होते. प्रत्यक्षात १५ सेंटीमीटर बुडालेल्या यंत्राचा आकडा ५ सेंटीमीटर भरला, तर सर्वत्र खोली १० सेंटीमीटरांनी कमी धरली जाते. ८० मीटर रुंदीच्या पात्रात त्यामुळे ८ चौरस मीटर छेद हिशेबातून निसटतो. पाण्याचा वेग सेकंदास १.२० मीटर असल्यास सुमारे साडेनऊ घनमीटर विसर्ग कमी दाखविला जातो. नावेत माणसे बसल्यानंतरच पट्टीने हे अंतर मोजावे. कारण वजनाने नाव खाली बसते. वहीत खरा आकडा असेल तर ही चूक मागाहून दुरुस्त होते.

उन्हाळ्यात पूर्णेची धार गुडघाभर उरते. तेव्हा वरचा व खालचा थर वजा जाता यंत्रास मोजण्यासारखे फारसे काही उरत नाही. अशा वेळी पाण्यात उतरून लहान प्रवाहमापकाने मोजणे हेच योग्य होय.

तिसरी चूक : काठाजवळील पाणी

उथळ पाण्यामुळे नाव अगदी काठाला लागत नाही. उरलेल्या पाण्याचा विसर्ग काढण्यासाठी शेवटच्या ठिकाणची खोली, तेथील वेग व काठापर्यंतचे अंतर यांचा गुणाकार करून त्यास काठाच्या आकाराप्रमाणे गुणक लावतात. काठ उतरता असल्यास हा गुणक सुमारे ०.३५ व भिंतीसारखा उभा असल्यास ०.९१ धरतात. पूर्णेच्या गाळाच्या दरडी पुराने कापल्या जाऊन पुष्कळ ठिकाणी उभ्या झाल्या आहेत. समोरचा काठ मात्र वाळूचा व उतरता असू शकतो. दोन्ही काठांस एकच गुणक लावणे चुकीचे आहे. अंतर नजरेने न ठरविता टेपने किंवा अंतरमापकाने घ्यावे, आणि काठाजवळ नाव क्षणभर स्थिर ठेवून यंत्रास पुरेशी मापे घेऊ द्यावीत.

चौथी चूक : सरकता तळ

सर्व चुकांत ही सर्वांत फसवी होय. नावेचा वेग काढताना यंत्र नदीचा तळ स्थिर आहे असे धरून चालते. पुरात मात्र तळाची वाळू व गाळ प्रवाहाबरोबर पुढे सरकत असतो. चालत्या बैलगाडीत बसून त्याच दिशेने जाणाऱ्या दुसऱ्या गाडीकडे पाहिले, तर तिचा वेग आहे त्यापेक्षा कमी भासतो. तसेच येथे घडते. तळ प्रवाहाच्या दिशेने सरकत असल्यामुळे आपलीच नाव प्रवाहाच्या उलट दिशेने जात आहे असे यंत्रास वाटते व पाण्याचा वेग तेवढा कमी मोजला जातो. पूर जितका मोठा, तितकी ही चूक मोठी होते. म्हणजे माप बिनचूक असण्याची निकड ज्या वेळी सर्वांत जास्त, नेमके त्याच वेळी ते उणे पडते.

ती ओळखण्यासाठी फेरीची परीक्षा करतात. काठाजवळील एका खुणेपासून नाव पलीकडच्या तीरापर्यंत नेऊन न थांबता पुन्हा त्याच खुणेवर आणावी. फेरीस किमान तीन मिनिटे लागावीत. तळ स्थिर असेल तर यंत्राने काढलेला मार्ग जेथे सुरू झाला तेथेच संपतो. तळ सरकत असेल तर मार्गाचा शेवट खुणेच्या वरच्या बाजूस पडतो. हे अंतर फेरीच्या वेळाने भागले की तळाचा वेग मिळतो. तो सेकंदास १.२ सेंटीमीटरांहून अधिक व पाण्याच्या सरासरी वेगाच्या एक टक्क्याहून अधिक असल्यास दुरुस्ती करावी.

उदाहरणार्थ, असे समजू की छेदाचे क्षेत्रफळ ३०० चौरस मीटर असून यंत्राने सरासरी वेग सेकंदास १.२० मीटर दाखविला. विसर्ग झाला ३६० घनमीटर. फेरीस ३०० सेकंद लागले व मार्गाचा शेवट खुणेच्या १८ मीटर वर पडला.

तळाचा वेग : १८ ÷ ३०० = सेकंदास ०.०६ मीटर.
दुरुस्ती : ०.०६ × ३०० = १८ घनमीटर.
खरा विसर्ग : ३६० + १८ = सेकंदास ३७८ घनमीटर.

चूक पाच टक्क्यांची आहे. परंतु असा प्रवाह दिवसभर राहिला तर १८ घनमीटरांप्रमाणे १५ लाख ५५ हजार घनमीटर पाणी हिशेबातून निसटते. एका हेक्टरास १० सेंटीमीटर पाणी देण्यास १,००० घनमीटर लागतात. म्हणजे सुमारे १,५५० हेक्टर, अथवा ३,८०० एकर जमिनीच्या एका पाण्याइतका हा फरक झाला.

फेरीच्या परीक्षेसाठी यंत्रातील होकायंत्र बरोबर असावे लागते. त्याच ठिकाणी, त्याच दिवशी ते जुळवून घ्यावे. लोखंडी पूल, ट्रॅक्टर, नांगराची साखळी किंवा खिशातील मोबाईल फोन जवळ असल्यास होकायंत्र बहकते. फेरी शक्य नसेल तर नाव दोरखंडाने एकाच जागी पाच मिनिटे स्थिर ठेवावी. त्या अवधीत ती वर सरकल्याचे यंत्राने दाखविलेले अंतर वेळाने भागले म्हणजे त्या जागेचा तळवेग कळतो. उपग्रहाच्या साहाय्याने नावेचे स्थान सांगणारे साधन असल्यास नावेचा वेग त्यावरून घेता येतो व तळाचा प्रश्नच उरत नाही. मात्र तेव्हाही होकायंत्र जुळविलेले असणे अवश्य आहे.

पाचवी चूक : फार गढूळ व फार नितळ पाणी

काळ्या जमिनीवरून आलेल्या पहिल्या पुरात गाळ इतका असतो की ध्वनी तळापर्यंत पोहोचण्यापूर्वीच शोषला जातो. मग खोलीचे आकडे मधूनच नाहीसे होतात, किंवा गाळाचा दाट थर हाच तळ समजला जातो. जितकी ध्वनीची पट्टी उंच, तितके शोषण अधिक; म्हणून अशा पाण्यात खालच्या पट्टीचे यंत्र वापरावे. पावसाळ्यापूर्वी पात्राचा छेद मोजून ठेवला असेल तर खोली ताडून पाहता येते. याउलट धरणातून सोडलेले हिवाळ्यातील पाणी फार नितळ असते. त्यात प्रतिध्वनी देणारे कणच थोडे असल्यामुळे यंत्रास क्षीण उत्तर मिळते.

पुलावरील पातळीमापक

काही ठिकाणी पुलाखाली किंवा कालव्यावर हवेतून ध्वनी सोडून पाण्याची पातळी मोजणारे यंत्र बसवितात. हवेतील ध्वनीचा वेग २० अंशास सेकंदास सुमारे ३४३ मीटर, तर ४५ अंशास सुमारे ३५८ मीटर असतो. यंत्र २० अंशांवर बांधलेले असून त्यात तापमानाची दुरुस्ती नसेल, तर अकोल्याच्या वैशाखातील दुपारी ५ मीटर खाली असलेले पाणी ते सुमारे ४ मीटर ७९ सेंटीमीटरांवर आहे असे सांगेल. पाण्याचा थेंबही न वाढता पातळी २१ सेंटीमीटर चढलेली दिसेल व रात्री ती पुन्हा उतरेल. दररोज दुपारी चढणारी आणि रात्री उतरणारी अशी पातळी नोंदीत दिसली तर आधी तापमापकाकडे पाहावे. त्यावर थेट ऊन पडू देऊ नये.

कोणती चूक सुधारते, कोणती नाही

तापमान, यंत्राची बुडी, काठाचे अंतर व सरकता तळ या चुका नोंदी पूर्ण असल्यास मागाहून दुरुस्त करता येतात. तळाचा प्रतिध्वनीच न मिळणे, घाईने एकच फेरी मारणे किंवा वेगवान नाव हाकणे यांची भरपाई कार्यालयात बसून होत नाही. म्हणून किमान चार वेळा नदी ओलांडावी. दोन वेळा डावीकडून व दोन वेळा उजवीकडून. सर्वांचा मिळून वेळ १२ मिनिटांहून कमी नसावा. डावीकडून व उजवीकडून घेतलेल्या मापांत सतत एकाच बाजूचा फरक पडत असेल तर होकायंत्र अथवा वारा यांचा संशय घ्यावा. पाणी झपाट्याने चढत किंवा उतरत असेल तर मात्र फेऱ्या कमी करून प्रत्येक फेरीची वेळ लिहावी.

दुरुस्ती करताना मूळ आकडा खोडू नये. मूळ आकडा, दुरुस्ती, तिचे कारण व दुरुस्त आकडा असे चार स्वतंत्र रकाने ठेवावेत. जुन्या तक्त्याशी जुळत नाही एवढ्याच कारणाने नवे माप वाकवू नये. पात्र खचले असेल, वाळू उपसली गेली असेल तर जुना तक्ताच चुकीचा ठरलेला असतो.

ग्रामकार्यकर्ते व शेतकरी यांचा वाटा

यंत्राने नदी वर्षातून मोजक्याच वेळा मोजली जाते. इतर दिवशी केवळ पातळी वाचतात व पातळी-विसर्गाच्या तक्त्यावरून पाण्याचा अंदाज करतात. एका चुकीच्या मापाने तक्ता बिघडला तर ती चूक पुढे रोज मोजली जाते. विसर्ग कमी दिसला तर पुराची सूचना उणी पडते. जास्त दिसला तर कागदावरचे पाणी कालव्याच्या शेवटच्या शेतापर्यंत कधीच पोहोचत नाही. २००५ च्या महाराष्ट्र सिंचन पद्धतींचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियमानुसार पाणी वापर संस्थांना पाणी घनमापाने मिळावयाचे आहे. म्हणून संस्थेच्या सभासदांनी माप घेण्याच्या वेळी हजर राहावे, यंत्र केव्हा तपासले हे विचारावे व नोंदीची प्रत पाहावी. असे विचारणे हा अविश्वास नसून संस्थेचे कर्तव्य आहे.

गावकऱ्यांनी पुढील गोष्टी सांभाळाव्यात :

१. नदीतील पातळीपट्टीस नाव किंवा जनावर बांधू नये. पुरानंतर पट्टीवरील गाळ व काडीकचरा काढून टाकावा.

२. मापनाच्या जागेजवळ वाळू उपसू नये व पात्रात बांध घालू नये.

३. पट्टी वाकली, बुडाली किंवा वाहून गेली तर त्याच दिवशी केंद्रास कळवावे.

४. मोठ्या पुरात पाणी कोठवर चढले, याची खूण देवळाच्या किंवा शाळेच्या भिंतीवर करून तारीख व वेळ लिहावी. यंत्र बंद पडले असता हीच खूण पुराची साक्ष ठरते.

५. भर पुरात मापासाठी कोणीही पाण्यात उतरू नये. कोणतेही माप माणसाच्या जिवाहून मोलाचे नाही.

यंत्र कितीही नवे असले तरी त्याची विश्वसनीयता एका साध्या तापमापकावर, एका पट्टीवर व प्रामाणिकपणे लिहिलेल्या वहीवर अवलंबून असते. ज्या खोऱ्यात विहिरीचे पाणी खारे आहे, तेथे नदीच्या पाण्याचा हिशेब हाच शेतीचा पहिला हिशेब होय. आणि तो चोख राखणे ही कार्यालयाइतकीच गावाचीही जबाबदारी आहे.